पाखऱ्याचे शेवटचे शंभर फूट

आंबी, ४ जानेवारी १९३७

गार्डाच्या जर्नलाची एक कोरी वही माझ्या ट्रंकेत राहिली होती. रेल्वेची वस्तू घरी आणणे बरोबर नाही. पण तेहतीस वर्षांच्या नोकरीत एवढी एकच आणली, तेव्हा मनाला लावून घेत नाही. वहीत रकाने आखलेले आहेत. तारीख, वेळ, ठिकाण, उशीर, उशिराचे कारण. आजपासून हिच्यात रोजनिशी लिहायची असे ठरवले आहे. लिहिण्याजोगे काही घडले तरच लिहीन, उगाच कोळसा जाळणार नाही.

मी महिपती, मालगाडीचा गार्ड, मुक्काम लोणावळा, आता निवृत्त. बोरघाट किती वेळा उतरलो त्याची मोजदाद नाही, पण एकही वाघीण, म्हणजे मालाचा डबा, माझ्या हातून सुटली नाही. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतो, कारण दुसरे कोणी सांगायला आता इथे नाही. बायको लोणावळ्याच्या क्वार्टरात वारली त्याला सहा वर्षे झाली. दिवाळीला गावी, धाकट्या भावाकडे आलो.

भाऊ बजरंग शेती करतो. त्याची बायको मुक्ताबाई. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती या घरात आली, पण माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. यात भांडण नाही, रीत आहे. धाकट्याची बायको थोरल्या दिरासमोर पदर पुढे ओढते आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचे असेल तर भिंतीला सांगते, चुलीला सांगते, नाहीतर बैलाला. आज सकाळी गोठ्यात बैलाला म्हणाली, "पाखऱ्या, बाजरीची भाकर झालीया, ज्याला जेवायचं आसंल त्यानं हात धुवावं." मी हात धुतले.

रोज तळेगाव स्टेशनावर जाऊन घड्याळ लावून येतो. चार मैल चालावे लागते. पण घड्याळ बरोबर हवे.

उशीर: नाही.

११ जानेवारी

आज कळले की बजरंगाने गेल्या जत्रेत भैरोबासमोर भंडारा उचलून शपथ घेतली आहे. जत्रेतल्या बैलगाड्यांच्या शर्यतीत आमचा गाडा तीन वर्षे लागोपाठ हरला. यंदाही हरला तर पाखऱ्याला चाकणच्या बाजारात उभा करणार. देवापुढची शपथ, तेव्हा मागे घेता येत नाही.

पाखऱ्या मुक्ताबाईचा. त्याची आई तो आठ दिवसांचा असताना गेली. हिने त्याला कापडाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवला. हे बजरंगानेच सांगितले आणि मग बराच वेळ दोर वळत बसला. मी म्हटले, "मग अशी शपथ घेतलीस कशाला?" तर म्हणाला, "दादा, लोक हसत व्हते. हसणाऱ्याच्या तोंडापुढं माणसाला अक्कल राहती व्हय?"

शर्यतीची रीत लिहून ठेवतो. चढाची सरळ वाट असते, तिला इथेही घाटच म्हणतात. चारशे फूट. एकेक गाडा एकटाच पळतो. खाली ढोल वाजला की सुटायचे आणि वरची दोरी ओलांडायची. ज्याला सर्वांत कमी वेळ लागला त्याला मानाचा फेटा. वेळ मोजतात अंबाजी आबा, वय सत्तरीचे, तीस वर्षे तेच मोजतात. घड्याळ नाही. मोठ्याने म्हणतात, "एक भैरोबा, दोन भैरोबा, तीन भैरोबा..." दोरी ओलांडताना जो आकडा तोंडात असेल तो लागला. गेल्या साली तळेगावच्या महंमदभाईंचा गाडा सोळा, आमचा अठरा.

रेल्वेच्या माणसाला हे ऐकून हसू आवरले नाही. तोंडाने वेळ मोजायची!

१९ जानेवारी

घाटावर शंभर-शंभर फुटांवर खुंट्या ठोकल्या. माझे घड्याळ सेकंदाला पाच वेळा टकटकते, त्यामुळे सेकंदाचा पाचवा हिस्सासुद्धा मोजता येतो. बजरंगाने गाडा सोडला. दुसरा बैल गुलब्या, गरीब स्वभावाचा, पाखऱ्या नेईल तिकडे जाणारा. चारशे फुटांना बरोबर पंधरा सेकंद.

गार्डाचा हिशोब असा: सेकंदाला अठ्ठ्याऐंशी फूट म्हणजे ताशी साठ मैल. त्यावरून आमच्या बैलांचा वेग ताशी अठरा मैल निघाला. घाट चढणाऱ्या मालगाडीपेक्षा जास्त! बजरंगाला सांगितले तर म्हणाला, "मग मालगाडी लावा शर्यतीला, तिला तरी हरवू."

२ फेब्रुवारी

बैल दमू नयेत म्हणून दोन-दोन दिवसांआड एकच फेरी करतो. दर खेपेला मी वेगळ्या खुंटीपाशी उभा राहतो. आज हिशोब पुरा झाला. पहिल्या खुंटीला सहा सेकंद, दुसरीला नऊ आणि दोन पंचमांश, तिसरीला बारा आणि दोन पंचमांश, दोरीला पंधरा.

म्हणजे ताशी अठरा मैल हा वेग गाडा सतत ठेवतच नाही! ती नुसती सरासरी. पहिले शंभर फूट साडेअकरा मैलांनी, शेवटचे शंभर फूट ताशी सव्वीस मैलांनी. सव्वीस! शेवटच्या शंभर फुटांत पाखऱ्याच्या पुढे जाणारा बैल मावळात नसेल. हे कागदावर पाहून माझी छाती फुगली, जणू मीच पळालो.

पण मग हरतो का? तर पहिल्या शंभर फुटांत. लोक वेग पाहतात, वेग कसा वाढतो ते पाहत नाहीत. घाट उतरताना आम्हाला हेच शिकवले होते. गाडी जोरात आहे याला भिऊ नका, जोर दर सेकंदाला वाढतो आहे का ते बघा. ताशी पंधरा मैलांवर स्थिर असलेली गाडी सज्जन. पाच मैलांवर असून दर सेकंदाला एकेक मैल वाढवणारी गाडी अर्ध्या मिनिटात तुमची राहत नाही. इथे उलटे आहे. आम्हाला वाढच हवी, आणि तीही पहिल्याच पावलाला.

संध्याकाळी गोठ्यात मुक्ताबाई पाखऱ्याच्या पाठीवर हात फिरवत त्याला म्हणत होती, "पळ हाय तुला, पर उठाव न्हाई. का न्हाई ठावं हाय मला. सुटताना धनी चाबूक हाणत्यात. तुला जल्मात कुनी मारलं न्हाई, मग तू पळायचं सोडून मागं बघतुयास, कुनी मारलं म्हनून."

मी बाहेर बसून आकडे मांडत होतो. अचानक माझ्या ध्यानात आले की सुरुवातीचा चाबूकच वेगवाढीला अडवत असावा. हा शोध माझ्या आकडेमोडीतून लागला याचे समाधान वाटते.

५ फेब्रुवारी

बजरंगाला चाबूक टाक म्हटले तर तो उसळला. "दादा, रुळावरची गाडी हाकली तुमी. बैल मी हाकतुया!" मी म्हटले, गार्ड गाडी हाकत नाही, गार्ड ती थांबवतो, आणि म्हणून त्याला वेग जास्त कळतो. तो तरातरा निघून गेला. दोघे जेवायला एका पंगतीला बसलो नाही.

९ फेब्रुवारी

चाबूक सापडत नव्हता. बजरंगाने सगळे घर शोधले. शेवटी चिडून चाबकाविना गाडा सोडला, नुसते पाठीवर थोपटून. पहिली खुंटी पाच सेकंद आणि दोन पंचमांश! पूर्ण घाट चौदा आणि दोन. बजरंग वरून धावत खाली आला आणि घड्याळाकडे असे पाहत राहिला की जसे काही त्यातूनच बैल निघाले.

चाबूक चुलीमागच्या लाकडांत सापडला. तिथे कसा गेला कोणास ठाऊक, उंदराने ओढला असेल.

उशीर: नाही, उलट तीन पंचमांश सेकंद आधी.

१४ फेब्रुवारी

आज मोठा शोध लागला, आणि हा खरोखरच माझा आहे.

अंबाजी आबांना घाटावर बोलावले. म्हटले, "आबा, जरा सरावाला मोजा." उपरण्याखाली घड्याळ धरले. पाखऱ्याचा गाडा सुटला. आबा मोजू लागले. "एक भैरोबा, दोन भैरोबा," पहिले आकडे चांगले ऐसपैस. गाड्याला रंग चढला तसे आबाही उठून उभे राहिले. आठाला "भैरोबा"चा "भैरो" झाला, बारानंतर नुसता "भै". घड्याळात साडेचौदा झाले तेव्हा आबांच्या तोंडात सतरा होते.

मग लाकडे भरलेली एक साधी बैलगाडी त्याच वाटेने जात होती. म्हटले आबा, ही मोजा. घड्याळात साडेचौदा झाले तेव्हा आबा बारावर होते आणि मधे एकदा जांभईसुद्धा दिली.

म्हणजे गाडा जसा वेग घेतो तसा आबांचा आकडाही वेग घेतो! जो गाडा एकसारखा पळतो त्याला आबा थंड डोक्याने मोजतात. जो शेवटी उसळतो त्याला आबांच्या आनंदाचाच दंड बसतो. तीन वर्षे आमच्या पाखऱ्यावर हा अन्याय झाला. उद्या चावडीवर सगळ्यांपुढे हे मांडणार. तेहतीस वर्षांचा अनुभव काय असतो ते कळू दे गावाला.

१५ फेब्रुवारी

चावडीवर गेलो नाही. सकाळी आबाच घरी आले. म्हणाले, "महिपती, काल उपरण्याखाली टकटक ऐकली मी. कान शाबूत हाईत माजे. किती चुकतुया मी?"

मी सांगितले. ते ओट्यावर बसले. मग म्हणाले, "जीब न्हाई रं पळत. गाडा उधळला की काळीज पळतं, जीब त्याच्या मागं जाती. तीस वर्सं झाली. किती जनांचं फेटं माज्या काळजानं खाल्लं आसतील?"

काल रात्री जे भाषण मनात जुळवले होते ते आता आठवले तरी लाज वाटते. त्यांना घड्याळ हातात घेऊन पाहू दिले. त्यांनी ते कानाला लावले आणि म्हणाले, "ह्याला काळीज न्हाई, ते बरं हाय."

२३ फेब्रुवारी

तळेगावला महंमदभाईंच्या घाटावर गेलो. उघड सांगितले की तुमचा गाडा मोजायला आलो आहे. दुसऱ्या कोणी हाकलून दिले असते. त्यांनी चहा पाजला, त्यांच्या घरच्या खतीजाभाभींनी गुळपापडी दिली आणि मग महंमदभाईंनी दोन वेळा गाडा सोडून दाखवला. चौदा आणि दोन, दोन्ही वेळा. त्यांचे बैल पहिल्यापासून तोलून पळतात. शेवटच्या शंभर फुटांत आमचे सरस, पण तेवढे ते पहिल्या शंभरात कमावून बसलेले असतात.

महंमदभाई म्हणाले, "मास्तर," (मला ते मास्तर का म्हणतात कळत नाही, पण बरे वाटते) "यंदा घड्याळ लावा तुम्ही. हरलो तर आकड्यानं हरू. दर साली जिंकतो आणि लोक म्हणतात आबानं दिला. ते बी टोचतं."

म्हणजे आता दोघेही चौदा आणि दोन. आबांची मोजणी चुकत होती हे खरे, पण घड्याळाने मोजले असते तरी तेव्हा पंधरा सेकंद घेणारा आमचा गाडा हरलाच असता. हे लिहिताना त्रास होतो, पण रकान्यात खोटे लिहायची सवय नाही. आता एक ठोका हवा. सेकंदाचा पाचवा हिस्सा. पाखऱ्याचे दावे तेवढ्यावर बांधलेले आहे.

८ मार्च

एक ठोका कुठून काढायचा? आज चाकोऱ्या तपासल्या आणि डोळे उघडले. गाडा सरळ जातच नाही! डावीकडे ओढ घेतो, बजरंग कासरा खेचून त्याला आणतो, तो परत डावीकडे. चाकाच्या खुणेवर दोरी टाकून मोजले तर चारशे सहा फूट भरले. म्हणजे आमचे बैल पळतात चारशे सहा आणि पोचतात चारशे. सहा फूट म्हणजे जवळजवळ एक ठोका!

बजरंगाला समजावले, "नुसता वेग असून भागत नाही. तो कुठल्या दिशेला आहे ते बघायचं. दोरीकडे जाणारा वेग तेवढा आपला, आडवा गेलेला फुकट. तळेगावहून लोणावळ्याला निघालेला माणूस कितीही पळाला, पण पुण्याकडे पळाला, तर त्याला काय म्हणशील?"

बजरंग म्हणाला, "त्याला म्हनीन, पुण्याला पोचलास की चिठ्ठी टाक."

१६ मार्च

डाव्या चाकाचे वंगण बदलले. आस तपासला. डावीकडची जमीन एक इंच खाली आहे असे वाटले, म्हणून मुरूम टाकला. काही उपयोग नाही. गाडा डावीकडेच ओढतो. डाव्या बाजूला काय आहे? काही नाही. बांध आहे, सरावाच्या वेळी मुक्ताबाई वैरणीचा भारा घेऊन तिथे उभी असते, आणि जत्रेत तिथे बायका बसतात. पुरुषांची जागा उजवीकडे. म्हणजे कारण जमिनीतच असले पाहिजे.

२० मार्च

आज मुक्ताबाई बैलाला म्हणाली, "पाखऱ्या, आज मी न्हाई यायची घाटावर. बघू तू कुटं बघतुयास." आणि खरेच आली नाही. गाडा बाणासारखा सरळ गेला. पण मेल्यासारखा! पंधरा आणि तीन. बजरंगाने कपाळावर हात मारला. सरळ गेला तो मुरमामुळे असावा. पण वेग कुठे गेला? हवा दमट होती, हे एक कारण संभवते.

२९ मार्च

शिमगा झाला. आज बजरंग पोट धरून हसला आणि मला रागही आला नाही. म्हणाला, "दादा, घाटातली सगळी वळनं तुमास्नी पाठ, आन ह्ये दिसंना? आवो, पाखऱ्या तिच्याकडं पळतुया! ती दिसली की उधळतुया, न्हाई दिसली तर कशाला पळंल? मी लय दिवस जानून हाय. पर बायकूच्या जिवावर बैल पळतुया म्हनून सांगू कुनाला?"

मी वंगण बदलले, आस तपासला, तीन पाट्या मुरूम टाकला. तिने एका सकाळी घरी राहून सगळा प्रयोग केला. आणि आता मागची पाने उलटून पाहतो तर चाबकाची गोष्टसुद्धा तिने बैलाला आधी सांगितली होती. त्याच पानावर, पाच ओळींच्या आत, माझ्या आकडेमोडीला ती सुचली असे मी लिहून ठेवले आहे. ते पान फाडणार नाही. जर्नलातले पान फाडत नसतात.

उपाय उघड आहे. मुक्ताबाईने बांधावर नव्हे, घाटाच्या सरळ रेषेत, दोरीच्या पलीकडे वर बाभळीखाली बसले पाहिजे. पण त्या बाजूला बाई बसल्याचे कोणी पाहिलेले नाही.

९ एप्रिल

चावडीवर बैठक झाली. महंमदभाई तळेगावहून आले होते. घड्याळाला कोणाची ना नव्हती, पण घड्याळ धरणाऱ्याला होती. एकजण म्हणाला, "गाडा भावाचा आन काटा दादाच्या हातात!" बोलला ते खरेच. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हटले असते.

मी म्हटले, "मी गाड्याकडे बघणारच नाही. दोरीच्या बाजूला दगडावर बसेन, घाटाला पाठ करून. खाली ढोल वाजला की मोजायला लागेन, दोरी धरणाऱ्या गेणूने थाळी वाजवली की थांबेन. कोणाचा गाडा, जोरात की हळू, मला दिसणार नाही. आवाज वर यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, पण तो सगळ्यांना सारखाच. आणि आकडा मी नाही पुकारणार. अंबाजी आबा माझ्या शेजारी, तेही पाठ करून बसतील. मी दर सेकंदाला त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारीन, आबा भैरोबाचं नाव घेतील. घड्याळ माझं, तोंड आबांचं."

आबा माझ्याकडे पाहतच राहिले. मग काठी आपटून उभे राहिले. "आन माजं बी एक ऐका. बजरंगाची मालकीन वर बाभळीखाली बसंल. म्हाताऱ्याला तहान लागती, पानी द्याया कुनीतरी पायजे." आबा तीस वर्षे गाडे बघतात, पाखऱ्या कोणाकडे पळतो ते त्यांनी केव्हाच ओळखले असावे. तीस वर्षे मोजणाऱ्या माणसाने पाणी मागितले तर नाही कोण म्हणणार? महंमदभाई मिशीत हसले. त्यांना सगळे कळले असावे, पण त्यांनी हरकत घेतली नाही.

२४ एप्रिल

उद्या जत्रा. बजरंग सकाळपासून बैलांची शिंगे रंगवतो आहे आणि एकच शिंग तिसऱ्यांदा रंगवले. स्टेशनावर जाऊन घड्याळ लावून आलो.

मनात आले ते लिहून टाकतो. ठोका फक्त मला दिसणार. चौदा आणि दोन असताना एक म्हटले तर जगात कोणाला कळणार नाही आणि पाखऱ्या घरी राहील. हा विचार दुपारी आला आणि चहा पिऊन होईपर्यंत राहिला. इतका वेळ राहिला याची लाज वाटते.

मुक्ताबाईने आज बैलाला काहीच सांगितले नाही. नुसती त्याच्या गळ्याशी कपाळ टेकून उभी होती.

२५ एप्रिल, चैत्र पौर्णिमा

क्रमाने लिहितो.

माणूस मावेना. मी आणि आबा दगडावर बसलो, घाटाला पाठ, तोंड दोरीच्या वरच्या बाजूला. समोर निवडुंगाचे कुंपण, त्याच्या अलीकडे बाभळ आणि बाभळीखाली मुक्ताबाई, पदर हनुवटीपर्यंत. सगळी जत्रा खाली बघते आहे आणि दोन म्हातारे निवडुंगाकडे. पोरे आम्हाला हसत होती.

एकोणीस गाडे झाले. आबांची मान दर वेळी मागे वळू बघायची, मी गुडघ्यावर जरा जोरात टिचकी मारायचो. पण आकडा एकदाही घसरला नाही. प्रत्येक भैरोबा पहिल्याइतकाच लांब. महंमदभाईंचा गाडा अठरावा होता. चौदा आणि दोन, पैज लावल्यासारखे बरोबर.

शेवटी आमचा. ढोल वाजला.

"एक भैरोबा. दोन भैरोबा." मागून काहीच कळत नव्हते. पाचला लोकांचा आवाज चढला. आठला तो असा चढला की माझ्या पाठीला जाणवला. दहा. आबांचा गुडघा माझ्या बोटाखाली थडथड उडत होता, पण आवाज संथ. "अकरा भैरोबा." त्या माणसाचे काळीज त्या क्षणी कुठे पळत असेल ते मला माहीत आहे, कारण माझेही तिथेच होते.

आता कबुली. बाराव्या सेकंदाला माझी नजर घड्याळावरून उचलली गेली. मागे वळली नाही, वर गेली. बाभळीखाली मुक्ताबाई उभी होती. पदर खांद्यावर पडला होता आणि तिला त्याचे भान नव्हते. बावीस वर्षांत मी तिचा चेहरा नीट पाहिलेला नव्हता. तिने दोन्ही हात पुढे केले होते आणि तिच्या डोळ्यांत गाडा येत होता. तो जवळ येतो आहे, आणि दर क्षणाला जास्तच जवळ, आणि सरळ, अगदी सरळ येतो आहे, हे सगळे मला तिथे दिसले. कागदावर तीन महिने जे मांडत होतो ते एका सेकंदात बघितले. मग नजर परत काट्यावर.

"चौदा भैरोबा." ठोका. थाळी.

गाडा माझ्या उजव्या हाताने वर निघून गेला. पाखऱ्याची मला फक्त शेपटी दिसली.

चौदा आणि एक.

मी घड्याळ तसेच धरून बसलो. मनात आले, खरेच एकच ना? की मला एक हवा होता म्हणून एक? काटा आठवला, ठोका आठवला, थाळी आठवली. एकच. घाटात ब्रेक लागल्याची खात्री जशी हाताला होते तशी झाली. आबांना सांगितले, आबांनी पुकारले, आणि पुढचे काही ऐकू आले नाही.

कोणी कुरकुरायच्या आत महंमदभाई पुढे आले. बजरंगाच्या डोक्यावर फेटा त्यांनीच ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "सख्ख्या भावाचा गाडा पळताना जो निवडुंग बघत बसला, त्याच्या आकड्यावर शक घेणारा माणूस आधी माझ्याशी बोलंल!"

बजरंगाने तो फेटा काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. मी काढून आबांच्या ठेवला. आबा म्हणाले, "आरं, लय मोठा व्हतोय," आणि रडायला लागले.

२६ एप्रिल

काल एक गोष्ट लिहायची राहिली. मुद्दामच ठेवली होती.

गर्दी पांगल्यावर मुक्ताबाई दोन्ही बैल धरून खाली आली. तिला आकडा ऐकू गेला नव्हता, पाखऱ्या अंगावर येऊन थांबला तेव्हा ती त्याच्या गळ्यात पडली होती. माझ्यापासून चार पावलांवर थांबली. पदर डोक्यावर होता, पण पुढे ओढलेला नव्हता.

म्हणाली, "भावजी, आकडा किती पडला?"

मला काय झाले कोणास ठाऊक. बावीस वर्षांची सवय. मी बैलाकडे वळलो आणि म्हटले, "पाखऱ्या, चौदा आणि एक पडला, बरं का."

ती हसली. म्हणाली, "त्याला ठावं हाय. मला सांगा."

मग मी तिला सांगितले. पहिले शंभर फूट, दुसरे, तिसरे, शेवटचे. उठाव काय, पळ काय, दिशा काय. ती ऐकत होती, मधूनच चूक दुरुस्त करत होती. मी शेवटचे शंभर फूट पाहिले नव्हते, ते तिने मला सांगितले. घरी पोचेपर्यंत आम्ही बोलत होतो. बजरंग मागून बैल घेऊन येत होता.

आज तळेगावला गेलो नाही. घड्याळ एखादा दिवस मागे राहिले तरी चालेल.

उशीर: बावीस वर्षे.

उशिराचे कारण: दोघांनीही विचारले नाही.